उभ्या गाडीची बॅटरी

आमच्या मावशीबद्दल एक गोष्ट सांगतात. लग्नाच्या दिवशी सकाळी मावशी नटूनथटून बाहेर आली, नवऱ्या मुलाची मोटारसायकल दाराशी उभी होती, तिने किक मारली आणि ती जी गेली ती गेलीच. नवरा मुलगा नुसता धुराकडे बघत राहिला. सांगणारे इतक्या ठसक्यात सांगतात, की वाटावं हे मागच्या सीटवर बसले होते.

खरं नेमकं उलटं आहे. पळाला तो नवरा मुलगा, तोही बसने. मोटारसायकल मागे राहिली कारण आदल्या दिवशी तिची बॅटरी उतरली होती. मावशी तेव्हाही बसस्थानकात घोषणा करायची, आणि त्या बसची घोषणा तिनेच केली असं जे वर मीठमसाला लावून सांगतात, तेही खोटं. त्या दिवशी तिची रजा होती. लग्नाचीच घेतलेली.

पळालेल्या मुलाच्या वडिलांना तोंड दाखवायला जागा उरली नाही. गाडी मूळची त्यांची, त्यांच्या तरुणपणातली, म्हणजे तेव्हाच म्हातारी. त्यांनी कागद मावशीच्या नावावर केले, गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आणून दिलं आणि मान खाली घालून गेले. मावशीने बॅटरी बदलली, गाडी शिकली आणि पुढे सोळा वर्षं तिच्यावरून कामाला गेली. यावर तिचं एकच वाक्य आहे आणि ते ती घोषणेच्याच सुरात म्हणते: "मुलगा रद्द करण्यात आला होता. गाडी वेळेवर होती."

हा सूर सगळ्या शहराला पाठ आहे, पण तोंड कोणाच्या ओळखीचं नाही. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." 'कृपया' वर चढतं, जरा थांबतं, आणि 'द्यावे'ला जिना उतरल्यासारखं खाली येतं. स्थानकातले चहावाले, हमाल, सगळे तिला कृपयाताई म्हणतात. मला तो आवाज सहा वर्षांची असल्यापासून काढता येतो. आमच्या बाबांना मी त्या आवाजात जेवायला बोलावते आणि ते खरंच लवकर येतात. माझी फार दिवसांची एक इच्छा होती: एकदा, फक्त एकदा, त्या खऱ्या माइकवर बोलायचं. मावशी म्हणायची, "नोकरी जाईल माझी." पण ते म्हणताना ती हसायची, म्हणून मी आशा सोडली नव्हती.

ती बसते ती खोली काचेची आहे. दोन्ही हात पसरले तर दोन्ही काचांना लागतात. एक खुर्ची, माइक, बटणांची पट्टी आणि एक पंखा. माइक सुरू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो घरघर करत सगळ्या स्थानकात ऐकू जातो. दर चार मिनिटांनी एक गाडी, त्यामुळे पंखा बंदच. समोरून दिवसभर गाड्या सुटतात आणि मावशी त्यांना कुठे जायचं ते सांगते. सतरा नंबर, दगडखाणीपर्यंत. हे ती अठ्ठावीस वर्षं सांगतेय, दिवसातून सहा वेळा. दगडखाण तिने बघितलेली नाही.

"काय आहे गं तिथे?" मी एकदा विचारलं.

"दगड असणार."

घरी आजोबा. आम्ही वरच्या मजल्यावर, खाली मावशी आणि आजोबा. मावशी कामावर असते तोवर आजोबांना आई बघते, सहानंतर आणि रविवारी मावशी. वाटणीच तशी आहे. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी मावशी गाडीवरून फिरायला गेली असताना आजोबा बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि पडले. दोन तास तसेच पडून होते. खुब्याचं हाड मोडलं ते काही नीट जुळलं नाही, तेव्हापासून ते पलंगावर. त्या दिवशी मावशीने गाडी मागच्या शेडमध्ये लावली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली.

कोणी तिला काही बोललं नाही. तेच वाईट झालं, असं आई म्हणते.

आजोबांना कान मात्र असे आहेत, की मी काहीच नाही. आमचं लोखंडी फाटक वाजतं, आधी "कीं" आणि मग "यँव", आणि ते वाजलं की आतून हाक येते: "अगं... ए... कुठे निघालीस?"

"कुठे नाही, बाबा."

"मग फाटक?"

"दूध घेतलं, बाबा."

सकाळी कामाला जाताना ते काही बोलत नाहीत. काम म्हणजे काम. पण संध्याकाळी किंवा रविवारी फाटक वाजलं की हाक आलीच. आई गेली, मामा गेला, कोणीही गेलं तरी उत्तर ठरलेलं: "तू नको. तिला पाठव." मग मावशी म्हणते, "आले हं, बाबा", आणि जिथे असेल तिथून मागे फिरते. मी म्हटलं, फाटकाला तेल घाल. ती म्हणाली, "मग वाजत का नाही म्हणून रात्रभर जागे राहतील."

संध्याकाळी आजोबांना डुलकी लागली की मावशी शेडमध्ये जाऊन चादर काढते आणि उभ्या गाडीवर बसते. बस्स, बसते. हात हँडलवर. कधी ते माहितीपुस्तक वाचते. मी ते उघडून पाहिलंय, त्यात नट आणि बोल्ट आहेत. तिला ते तोंडपाठ आहे.

तर अशा या गाडीवर गेल्या महिन्यात मामाची नजर गेली. मामा म्हणजे मावशीचा आणि आईचा भाऊ. त्याची प्रत्येक गोष्ट घसा खाकरून सुरू होते, "मला विचारशील तर", आणि त्याला कोणीच काही विचारलेलं नसतं. त्याचा एक दोस्त जुन्या गाड्या गोळा करतो.

"मला विचारशील तर देऊन टाक. सडतेय ती. तो हॉलमध्ये ठेवणार आहे. काचेची मोठी पेटी करून."

"काचेच्या पेटीत?" मावशी म्हणाली.

"धूळ नाही, काही नाही. आत दिवा सोडणार आहे."

मावशी उशीचा अभ्रा घालत होती. तिने उशी दोनदा आपटली. "चालू करून दाखवली तर?"

"अकरा वर्षं उभी गाडी? हे बघ, पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी मी टेम्पो आणतो. चालू झाली तर टेम्पो रिकामा नेईन. नाही झाली तर गाडी चढवायची. मग रडायचं नाही."

"मी कधी रडले?" मावशीने विचारलं, आणि ते खरं असल्याने मामाने विषय टेम्पोच्या भाड्यावर नेला.

दोन आठवडे तिने कामावरून येताना एका जुन्या मेस्त्रीला सोबत आणलं. टाकी धुतली, कार्बोरेटर सोडवून साफ केला, टायर-ट्यूब बदलले, केबली बदलल्या. मेस्त्री कमी बोलणारा, त्यामुळे माझ्या काही उपयोगाचा नव्हता. शुक्रवारी तो म्हणाला, "माझं झालं. आता बॅटरी. तिच्याशिवाय ठिणगी पडणार नाही. ती तुम्ही बघा." आणि हात पुसत गेला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या पाळीआधी मी आणि मावशी बॅटरीच्या दुकानात. आत गेलं की नाकात आंबट झणका. फळीवर एकाला एक जोडून ठेवलेल्या बॅटऱ्या चार्ज होत मंद बुडबुडत होत्या. बॅटरीवाल्याच्या शर्टाला ॲसिडने इतकी भोकं पडलेली, की आतल्या बनियनची भोकंसुद्धा दिसत होती. तो प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा ना" असं सुरू करतो आणि बघायला काहीच दाखवत नाही.

मावशीने पिशवीतून जुन्या बॅटरीचं काळं रिकामं खोकं काढून काउंटरवर ठेवलं.

"सहा व्होल्ट?" तो म्हणाला. "म्हणजे बघा ना, ताई, हे तर पणजोबा आणलेत तुम्ही. आता सगळं बारा व्होल्ट. बारा करून टाका."

"काय काय बदलावं लागेल?"

"कॉइल, हॉर्न, सगळे दिवे, डायनॅमोचं आतलं—"

"म्हणजे गाडीच बदलायची."

"म्हणजे बघा ना, नंबरप्लेट तीच राहील."

मावशीने मान हलवली. बॅटरीवाल्याला वाईट वाटलं नाही. त्याने खालून एक राखाडी, गुळगुळीत, बंद खोकं काढलं. "मग ही. सहा व्होल्टच. हिच्यात पाणी नको, काही नको. आडवी ठेवा, उभी ठेवा. तुमच्या या काळ्या खोक्याच्या पोटात बसवतो, वरून कोणाला पत्ता लागणार नाही."

मी ती ओळखली. "मावशी, ही तर तुझ्या खोलीतल्या दिव्यातली आहे." काचेच्या खोलीत भिंतीवर एक आपत्कालीन दिवा आहे, वीज गेली की आपोआप लागणारा. त्याची बॅटरी बदलायला माणूस आला होता तेव्हा मी तिथे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"बरोबर ओळखलंस," बॅटरीवाला खूश झाला. "ताई, गाडी चालते किती?"

मावशीने खोक्यावरची धूळ पुसली. "उभी असते."

"मग संपलंच. उभ्या गाडीला हिच्यासारखी दुसरी नाही. महिनोन्‌महिने ढुंकून बघू नका. ही तक्रार करत नाही. पडून राहते बिचारी."

मावशीने ती हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. आतून काही हललं नाही, वाजलं नाही.

"आमच्या खोलीतली आठ वर्षं भिंतीवर आहे," ती म्हणाली.

"बघा. आणि वीज गेली की लागते ना?"

"वीज कधी गेलीच नाही."

मावशीने ती राखाडी बॅटरी हळूच त्याच्याकडे सरकवली. "जुन्या पद्धतीची नाही? झाकणांची?"

"आहे एक. कोणीतरी मागवली आणि नेलीच नाही. पण ती तुमच्या कामाची नाही, ताई. ॲसिड भरायचं, पाणी बघत राहायचं, आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा तरी गाडी चांगली फिरवायलाच पाहिजे. उभी राहिली की प्लेटा आतून पांढऱ्या पडतात. दोन-तीन महिन्यांत खलास."

"फिरवली नाही तर मरते."

"मरते."

"फाटकापर्यंत नेऊन आणली तर?"

"म्हणजे बघा ना, तेवढ्याने फसत नाही ती. तासभर तरी हवी."

"तीच द्या."

"ताई, मी काय म्हणतोय, ती उभ्या गाडीची नाही."

"ऐकलं मी," मावशी म्हणाली, घोषणेच्या आवाजात, आणि मागे बुडबुडणाऱ्या बॅटऱ्यासुद्धा क्षणभर गप्प बसल्यासारख्या वाटल्या.

त्याने तीन झाकणं उघडली, नरसाळ्याने ॲसिड ओतलं. पहिलं चार्जिंग सावकाश हवं, म्हणाला, उद्या सकाळी आठला या, रविवार असला तरी मी असतो. 

स्थानकाकडे जाताना मी म्हटलं, "मावशी, चुकलीस. ती राखाडी बरी होती. ही तीन महिन्यांत जाणार."

"का जाईल?"

"तू आठवड्यातून एकदा जाणार आहेस कुठे? उद्याच बघ. गाडी चालू होईल, मामा मूग गिळून बसेल, तू फाटक उघडशील, कीं-यँव, आतून हाक, आणि तू, 'आले हं, बाबा'." शेवटचं मी तिच्याच आवाजात म्हटलं. हुबेहूब. शेजारून जाणाऱ्या हमालाने वळून मावशीकडे बघितलं.

मावशी हसली नाही. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"लाव पैज," ती म्हणाली.

"कशावर?"

"उद्या मी फाटकाबाहेर गेले नाही, तर माइक तुझा. एक गाडी, पूर्ण घोषणा."

"आणि गेलीस तर?"

"तर दर रविवारी मी परत येईपर्यंत आजोबांना 'आले हं, बाबा' तू म्हणायचं. याच आवाजात. बॅटरी जिवंत आहे तोवर."

तीन महिने, मी मनात हिशेब केला, तेही हरले तर. आणि हरणार कशी? अकरा वर्षांत जी रविवारची कधी फाटकाबाहेर गेली नाही. मी तिच्या हातावर टाळी दिली.

रविवारी नऊला मामा टेम्पो घेऊन हजर. सोबत दोरखंड, फळी, सगळी तयारी. बॅटरी मी दुकानातून शेडमध्ये आणून ठेवली होती, पण तेवढ्यात आजोबांना उशी वर करून हवी होती, खिडकी दोन बोटं उघडून हवी होती, मग एक बोट बंद करून हवी होती. मावशी बाहेर आली तोवर मामाने सीटखाली बॅटरी बसवून तारा जोडल्या होत्या.

"मला विचारशील तर, तेवढाच माझा हात लागावा," तो म्हणाला.

मावशी वाकली. "हे असं कोणी जोडलं?"

"मी. बॅटरीचं उणं टोक गाडीच्या बॉडीला, अधिक पुढे. तीस वर्षं गाड्या चालवतोय."

"काढ."

"अगं, सगळ्या जगात उणं बॉडीला असतं."

"जगात असेल. हिच्यात अधिक बॉडीला. पान चौदा."

"छापायची चूक असेल."

"त्यालाही तसंच वाटलं होतं," मावशी पाना घेत म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने नवी बॅटरी घातली होती. तुझ्यासारखीच उलटी जोडली. मेस्त्री म्हणतो, तासाभरात उतरली असणार."

मामाचं तोंड उघडं राहिलं. माझंही. म्हणजे त्या माणसाने तेवढं एक पान खरं मानलं असतं, तर तो गाडीवरून पळाला असता आणि मावशीकडे गाडीसुद्धा उरली नसती. मावशीने दोन्ही तारा सोडवून अदलाबदल केली, पट्टा आवळला, किल्ली फिरवली. हँडलमधल्या वीज दाखवणाऱ्या काट्याने जराशी मान हलवली, जिवंत माणसासारखी.

पहिल्या किकला गाडी खोकली. दुसऱ्या किकला शिंकली. तिसरीला काही नाही. मामा दोरखंड उलगडायला लागला. चौथीला "ढब". पाचवीला "ढब, ढब", आणि मग "ढबढबढबढब" असं ते जे सुरू झालं त्याने शेडचा पत्रा थरथरला, वरून आई गॅलरीत आली. हा आवाज मला अजून काढता येत नाही. तो गळ्यात नाही, पोटात आहे.

मामाने दोरखंड परत गुंडाळला. मावशीने हेल्मेट घातलं, गाडी फाटकाशी आणली आणि मला मानेने खूण केली. मी फाटक उघडलं. कीं. यँव.

इतक्या आवाजातही आतून हाक आली. "अगं... ए... कुठे निघालीस?"

मामा लगबगीने आत गेला. लगेच ऐकू आलं, "तू नको. तिला पाठव."

मावशीचा हात किल्लीवर गेला. मी बघत होते. बोटं किल्लीवर होती आणि डोळे रस्त्यावर, आणि तिचं तोंड जरासं उघडलेलं, 'आ'साठी. तो 'आ' मला माहीत आहे, तो मी हजार वेळा केलाय. जिंकले होते मी. माइक मला दिसत होता, वरचं लाल बटणसुद्धा. एवढंच उरलं होतं, की तिने किल्ली फिरवायची, आणि गाडी परत चादरीखाली, आणि बॅटरी आतून पांढरी.

"आले हं, बाबा."

मावशीचे ओठ हललेच नव्हते. मामा आतून दारात आला आणि एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागला. मावशी माझ्याकडे जे बघत राहिली, ते मला नीट सांगता येणार नाही. मग किल्लीवरचा हात क्लचवर गेला, आणि ती गेली. जी गेली ती गेलीच, असं आता सांगायला हरकत नाही. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

मी आत जाऊन पलंगाच्या बाजूच्या दाराशी, पडद्यामागे उभी राहिले. पुढ्यात गेलं असतं तर आजोबांनी बघितलं असतं.

"बाहेर कसला आवाज होता?"

"गाडीचा, बाबा."

"आपल्या?"

"हो, बाबा."

पडद्याला धुळीचा वास येत होता आणि माझा एक पाय आखडला होता, पण हलले तर चाहूल लागली असती. मावशी रोज जेवढ्या जागेत बसते तेवढीच जागा होती ती, फक्त काचेऐवजी कापड.

"लांब जाऊ नकोस हं."

"नाही, बाबा. फाटकापर्यंतच."

तासाभरात सहा हाका झाल्या. किती वाजले, उजेड कमी कर, आहेस का, आहेस का, मामा गेला का, आहेस का. मी सहाही वेळा होते. चौथ्या वेळी माझाच आवाज मला ओळखू येईना.

फाटक वाजलं तेव्हा मी धावत बाहेर गेले. मावशीचे केस हेल्मेटने चपटे झाले होते आणि तोंडाला धूळ.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"दगड," ती म्हणाली. "पत्र्याची एक शेड. एक कुत्रं. सतरा नंबर तिथे येऊन नुसती वळते."

"एवढंच?"

"एवढंच. पुढच्या रविवारी बारा नंबरचं बघते." तिने सीट उचलून बॅटरीच्या झाकणांवरून बोट फिरवलं, ताप आला का बघतात तसं. "गरम नाही. खूश आहे."

"अगं... ए..." आतून हाक आली. आम्ही दोघींनी एकदमच तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी वाकडी वाट करून बॅटरीवाल्याकडे गेले. ती झाकणांची बॅटरी, विचारलं, दर आठवड्याला नीट फिरवली तर किती दिवस जगते?

"म्हणजे बघा ना," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच पाचही बोटं वर करून दाखवली, "पाच वर्षं कुठे गेली नाहीत."